वस्तीला घरीच

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. हे मुद्दाम सांगावे लागते, कारण नुसते पाहून कोणाला पटत नाही. मला चाके नाहीत, काचा नाहीत. मागच्या सीटवर कोंबड्या राहतात आणि स्टिअरिंगवर कोंबडा बसतो. तो मला कुठेही नेत नाही, पण पहाटे हॉर्न मात्र तोच वाजवतो, कारण माझा हॉर्न कोणीतरी केव्हाच काढून नेला.

तरी माझी हकीकत मला सांगितलीच पाहिजे. मी चालते कशी, ब्रेक लागतात की नाही, हे मला आयुष्यात फारसे कोणी विचारले नाही. विचारले ते एवढेच, की तू राहतेस कुठे. आणि त्याचे उत्तर चुकीचे ऐकले.

माझा जन्म विलायतेतल्या एका कारखान्यात झाला. तिथून मी जहाजाने मुंबईला आणि मुंबईहून रेल्वेने हैदराबादला आले. माझे पहिले मालक एक जहागीरदार होते. त्यांना मोटारीत बसायची भीती वाटे. ते मला पुढे पाठवत आणि स्वतः मागून घोड्यावर येत. लोक माझ्यातल्या रिकाम्या सीटला सलाम करत. माझ्या आयुष्यातला हा सुखाचा काळ. पुढे घोडा म्हातारा झाला, जहागीरदारांना बाहेर पडायचे कारण उरले नाही, आणि स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी त्यांनी मला डॉक्टर पद्मावतीबाईंना विकले.

पद्मावतीबाई बाळंतपणाच्या डॉक्टर. यजमान वकील होते, ते वारले होते. घर बरकतपुऱ्याच्या मागच्या अंगाला, काचीगुड्याकडे उतरणाऱ्या एका गल्लीत. बेगम बाजारातल्या किराण्याच्या व्यापाऱ्यांपासून ते गल्लीतल्या धोब्यापर्यंत सगळ्यांकडची मुले त्यांच्या हातावर जन्मत. माझा ड्रायव्हर होता उमाजी. तो बाईंना 'बाई' म्हणे आणि मलाही 'बाई' म्हणे. थंडीच्या दिवसांत तो मला हँडल मारताना ओरडे, "बाई, आता तरी उठा!" आणि घरात पद्मावतीबाई दचकून उठून बसत.

उमाजी आणि त्याची बायको सुशीला बाईंच्याच आवारात समोरच्या खोलीत राहत. त्यांचे दार आणि माझे नाक समोरासमोर. त्यामुळे मला सगळे ऐकू येई. सुशीलेची दोन मुले जन्मतानाच गेली होती. तिचे मूल पोटात आडवे राही, ते घरी सुटण्यासारखे नव्हते, कोठी भागातल्या दवाखान्यात तिला वेळेत पोचवणे हाच उपाय होता. दोन्ही वेळा टांगा वेळेत मिळाला नव्हता. एकदा तर मिळाला होता, पण घोडा उपाशी होता, तो चारा दिसला तिथे थांबला.

सन अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात सुशीलेला पुन्हा दिवस गेल्याचे सगळ्यांना दिसू लागले. ती घाबरून गेली होती. एका सकाळी पद्मावतीबाई माझ्या बॉनेटवर हात ठेवून तिला म्हणाल्या, "सुशीले, या खेपेला टांगा नाही. गाडी दारात उभी असेल. दिवस असो, रात्र असो."

"दारात म्हंजे अगदी हितंच?"

"अगदी इथंच."

"मग न्हाई मला भ्या," सुशीला म्हणाली, आणि तिने माझ्या नाकावर हळदीचे बोट लावले. ते पावसाळ्यापर्यंत तसेच होते.

मित्रांनो, आता विम्याची गोष्ट येते. विमा म्हणजे काय, ते मी आजवर ज्यांच्याकडून ऐकले त्यांनाही नीट माहीत नव्हते. पण त्या दिवसांत पेट्रोल कूपनावर मिळे, आणि विम्याचा कागद दाखवल्याशिवाय कूपन मिळत नसे. विमा कंपनी मुंबईची. तिचे हैदराबादेतले एजंट माथुरसाब. शेरवानी, छत्री आणि पानाचा डबा. माणूस अतिशय गोड. ते दरवर्षी येत, ओट्यावर बसत आणि कागद भरत.

आदल्या वर्षीपासून त्यांच्या कागदात एक अडचण उपटली होती. बाकीचा देश स्वतंत्र झाला, आणि हैदराबादचे काय ते ठरायचे होते. कंपनीच्या कागदात रकाना होता, गाडी कोणत्या देशात राहते. माथुरसाबांनी तो कोरा सोडला होता. मुंबईहून उत्तर आले, की देश ठरेपर्यंत जोखीम जास्त धरण्यात येईल. मला स्वतःला देश बदलल्यासारखे काहीच वाटले नव्हते. मी रोज त्याच खड्ड्यात आपटत होते.

पद्मावतीबाईंनी तेही सोसले. पण त्या उन्हाळ्यात कंपनीने नवीन प्रश्न काढला. गाडी रात्री कुठे असते? शहराचे भाग पाडले होते, आणि ज्या भागात गाडी झोपेल त्या भागाचा दर तिला लागणार होता.

माथुरसाबांनी टाक शाईत बुडवून विचारले, "बाई, गाडी रात को रैती कां?"

पद्मावतीबाई घाईत होत्या. आत हात धुता धुता म्हणाल्या, "दिवसभर फिरती. रात को वस्तीला घरीच."

आता आपल्याकडे वस्तीला म्हणजे रात्रीच्या मुक्कामाला. पाहुणा वस्तीला येतो, बैलगाडी वस्तीला थांबते. शाळेतल्या पोरालाही हे ठाऊक असते. पण माथुरसाबांच्या घरच्या बोलीत वस्तीची बस्ती होते, आणि बस्ती म्हणजे गरिबांची, पत्र्याच्या झोपड्यांची दाटी. त्यांनी मान हलवली, "हौ हौ, बस्ती," म्हणाले, जरा वाईटही वाटून घेतले, आणि लिहिले.

कंपनी मुंबईची. तिथला कारकून आपलाच कोणी असणार. त्याने 'वस्ती' वाचले असते, तर पुढचे काहीच झाले नसते. पण माथुरसाब इंग्रजीत लिहीत, आणि इंग्रजीत व चा ब झाला. त्या एका अक्षराने मी बंगल्याच्या पोर्चमधून उचलून झोपडीत नेऊन ठेवली गेले. महिन्याभरात दर आला. तो ऐकून पद्मावतीबाई म्हणाल्या, "एवढ्यात दुसरी मोटार येईल!"

माथुरसाबही घाबरले. "बाई, आप ही बोले ना, बस्ती."

"अहो, वस्तीला म्हणजे मुक्कामाला!"

"तो मुक्काम बोलना था. मुक्काम तो हमारे में भी मुक्काम है."

त्यांनी दुरुस्तीसाठी मुंबईला लिहिले. कंपनीचे उत्तर आले ते मी जन्मात विसरणार नाही. राहण्याची जागा बदलल्यास दर बदलता येईल, शब्द बदलल्यास नाही. म्हणजे लिहिलेले हलणार नव्हते. हलायचे ते मी.

तेव्हा पद्मावतीबाईंचे दीर प्रतापराव पुढे आले. ते सिकंदराबादला छावणीजवळ बंगल्यात राहत. कंपनीच्या नकाशात शहराचा बराचसा भाग तांबडा होता, सिकंदराबाद मात्र हिरवेगार. कारण तिथे फौज असते. फौज त्याच वर्षी केव्हाच निघून गेली होती, पण नकाशातली तशीच उभी होती. प्रतापराव म्हणाले, "वहिनी, गाडी माझ्याकडे झोपू दे. दिवसा तुमची, रात्री माझी. कागदाला कागद, कूपनाला कूपन."

अट एकच होती. सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत गाडी सिकंदराबादेतच हवी. तसे छापून कागद माझ्या काचेवर चिकटवला. इंग्रजीत आणि खाली उर्दूत.

उमाजीने विचारले, "साहेब, मग आम्ही दोघं बी तिकडंच येऊ का, तुमच्या आवारात? हिचे दिवस भरत आल्यात. गाडीजवळ असलेलं बरं."

प्रतापराव म्हणाले, "उमाजी, इथं गाडीची सोय आहे. माणसांची नाही."

पद्मावतीबाई रात्रभर विचार करत बसल्या असाव्यात, कारण सकाळी त्यांचे डोळे लाल होते. कागद नाही तर पेट्रोल नाही, आणि पेट्रोल नाही तर दारात उभी असलेली मोटार म्हणजे नुसता पत्रा. त्यांनी सुशीलेला समजावले, "दवाखान्यात शब्द टाकून ठेवलाय. शहर बाहेरगावच्या माणसांनी भरलंय, आतापासून खाट देत नाहीत. पण शेवटचे आठ दिवस ठेवून घेतील. तोवर दिवसा गाडी आहेच."

"आन् रातीला?"

"रात्री टेलिफोन करीन. गाडी निघेल."

 सुशीला माझ्या नाकावरची हळद पाहत होती. पावसाने ती जवळजवळ गेली होती.

मग माझा दिनक्रम सुरू झाला. संध्याकाळ झाली की उमाजी मला हुसेनसागर तळ्याच्या बांधावरून सिकंदराबादला नेई, तिथे उभी करी, आणि बस पकडून घरी परते. सकाळी पुन्हा बसने येई आणि मला घेऊन जाई. मी झोपायला जावे म्हणून एक माणूस रोज चारदा शहर ओलांडी. यात जे पेट्रोल जळे, त्याचे कूपन मिळावे म्हणून हा कागद होता. असा हिशेब माझ्या इंजिनालाही कधी कळला नाही, आणि ते विलायतेत शिकलेले होते.

प्रतापरावांकडे माझा थाट मोठा. त्यांनी माझ्यावर चादर घातली. पाहुणे आले की ते चादर जराशी उचलून दाखवत, "आपलीच." फाटकाला ते स्वतः कुलूप लावत आणि किल्ली कमरेला अडकवत. अधूनमधून कंपनीकडून टेलिफोन येई, गाडी आहे का म्हणून. प्रतापराव प्रत्येक वेळी ताठ उभे राहून एकच उत्तर देत, "हौ, गाडी है. वस्ती को यहींच है." म्हणता म्हणता त्यांना ते इतके पाठ झाले, की एकदा शेजाऱ्याने पंचांग मागायला टेलिफोन केला, त्यालाही त्यांनी तेच सांगितले.

श्रावण सरत आला होता. शहराचा रंग ठीक नव्हता. दुकाने लवकर बंद होत, रस्त्यावर हत्यारे घेतलेली माणसे फिरत, बांधावर नाके बसले होते. त्या दिवशी उमाजी मला घेऊन निघाला तेव्हा सुशीला दारात उभी होती. दिवस भरायला अवकाश होता. "लवकर या," एवढेच म्हणाली.

आम्ही सिकंदराबादला पोचलो, पण परतीची बस आली नाही. उमाजी वाट पाहत फाटकाशी बसून राहिला. दिवेलागण झाली. प्रतापरावांनी कुलूप लावले आणि आत जातात तोच टेलिफोन वाजला. त्या काळचे टेलिफोन इतके ओरडत, की दोन्ही बाजूंचे बोलणे मला पोर्चमध्ये ऐकू आले.

"भावोजी, सुशीलेला कळा सुरू झाल्या. गाडी पाठवा, ताबडतोब."

"वहिनी, पण सूर्य मावळलाय."

"मला दिसतंय."

"नाही, कागदात स्पष्ट आहे, की..."

"भावोजी! मूल आडवं आहे. इथं घरी माझ्या हातात काही नाही. कागद गेला खड्ड्यात, कुलूप काढा!"

प्रतापराव वाईट नव्हते, मित्रांनो. त्यांनी कुलूप काढले. फक्त आधी चष्मा शोधला, मग कागद पुन्हा एकदा वाचला, मग देवाला नमस्कार केला, मग काढले. उमाजीने मला हँडल मारले. आयुष्यात पहिल्यांदा तो मला 'बाई' म्हणाला नाही. तो नुसता रडत होता. मी पहिल्या झटक्याला सुरू झाले.

बांधावरच्या नाक्यावर शिपायाने आम्हांला अडवले. कंदील वर करून त्याने काचेवरचा कागद अक्षर अक्षर लावून वाचला.

"इसमें लिखा है, सूरज डूबने के बाद ये गाडी सिकंदराबाद में रहती."

"हौ साब," उमाजी म्हणाला.

"अब सूरज डूब गया ना?"

"हौ साब."

"तो गाडी सिकंदराबाद में है. फिर ये कौनसी गाडी है?"

"साब, हीच ती!"

"वो तो वां है. कागद झूट बोलता क्या? बोल, किसकी चुराया?"

उमाजीने त्याचे पाय धरले. बायकोचे सांगितले. शिपाई म्हणाला, "चोर लोगां भी यहीच बोलते." पण माणूस अगदीच दगड नव्हता. "मालिक को पूछतुं," म्हणाला, आणि चौकीत जाऊन त्याने प्रतापरावांना टेलिफोन केला.

तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात बेडी होती.

"मालिक बोले, गाडी है. वस्ती को यहींच है."

सवयीने बोलले प्रतापराव. टेलिफोनवर कोणी गाडीचे विचारले, की त्यांच्या तोंडून दुसरे काही निघतच नसे. आणि ठेवून दिला. पुढे चूक लक्षात येऊन ते चार वेळा त्या चौकीला टेलिफोन लावत राहिले म्हणे, पण लाइन लागली नाही. सकाळी स्वतः चालत आले, अनवाणी, आणि मग आम्हांला सोडले.

ती रात्र मी बांधावर काढली. कागदावर मी सिकंदराबादेत होते. बाईंच्या शब्दात उमाजीच्या दारात होते. खरी मी तळ्याच्या काठी उभी होते, दोन्ही ठिकाणांहून सारखीच लांब.

सकाळी आम्ही गल्लीत शिरलो. उमाजीने मला नेहमीच्या जागी, त्याच्या दारासमोर, बरोबर उभे केले. दार बंद होते. ओट्यावर पद्मावतीबाई बसल्या होत्या. लुगड्यावर रक्त वाळले होते. गल्लीतल्या माणसांनी सुशीलेला भाजीच्या हातगाडीवर घालून कोठीला नेले होते. रस्त्यात दोन ठिकाणी अडवले. सुशीला वाचली. मूल हातगाडीवरच गेले. मुलगी होती.

उमाजी बाईंसमोर उभा राहिला.  मग म्हणाला, "बाई, गाडी आणली."

पद्मावतीबाईंनी पदर तोंडाला लावला. त्यांचे रडणे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले, आणि तेव्हाच शेवटचे.

काही आठवड्यांत हिंदुस्थानची फौज आली, आणि हैदराबादचे काय ते ठरले. पुढे माथुरसाब छत्री घेऊन आले. रकान्यात देश लिहिता आल्यामुळे त्यांना खरोखर आनंद झाला होता. पण मुंबईचा निरोप वाईट होता. गाडी सूर्यास्तानंतर हलली, सबब विमा रद्द. नवा विमा हवा असल्यास जुन्या पत्त्यावर मिळेल, पण दर आणखी वाढेल. कारण कंपनीच्या कानावर आले होते, की या गल्लीत नुकतीच एक दुर्घटना झाली असून गल्ली धोक्याची आहे.

"बाई, नक्शा मैं नहीं बनाता," माथुरसाब खाली मान घालून म्हणाले. "बनानेवाला हैदराबाद देखा भी नहीं."

सुशीला दारात बसली होती. एवढ्या दिवसांत ती बाहेरच्या माणसाशी बोलली नव्हती. ती उठून आली. "साब, त्या नकाशात माझं घर कंचं?"

माथुरसाबांनी घडी उलगडून बोट ठेवले.

"हे तांबडं कशाचं?"

"खतरे का, बेटी."

सुशीलेने जिभेने बोट ओले केले आणि तो तांबडा भाग घासून पाहिला. निघाला नाही. छापील होता. तिने बोट लुगड्याला पुसले आणि आत निघून गेली. माथुरसाबांनी नकाशाची घडी केली. ती त्यांना नीट जमेना. ते पुन्हा कधी आले नाहीत. त्यांच्या जागी दुसरे कोणी आले, त्याच्याकडेही नकाशा तोच होता.

पद्मावतीबाईंनी विमा घेतला नाही. त्यांनी टांगा ठेवला आणि उमाजीला टांगा हाकायला शिकावे लागले. घोडा रात्री कुठे झोपतो, हे कोणी विचारत नाही. मी जिथे उभी होते तिथेच राहिले. एक पावसाळा गेला, टायर बसले. दुसरा गेला, छत गळू लागले. बाईंनी मला भंगारात द्यायचे ठरवले. भंगारवाला दोरखंड घेऊन आला, तेव्हा सुशीला आडवी उभी राहिली.

"बाई, हिला ऱ्हाऊ द्या."

"अगं, कशाला? ती चालत नाही."

"चालायची न्हाईच. दारात ऱ्हाऊ द्या."

दुसऱ्या दिवशी तिने माझ्यात कोंबड्या आणून सोडल्या. पुढे तिला मूल झाले नाही. कोंबड्या मात्र पुष्कळ झाल्या.

मित्रांनो, माझी हकीकत संपत आली. तुमच्यापैकी काही जण मोठे होऊन मोटारी घेतील. त्यांनी त्या पुसाव्यात, तेल घालावे, हे तुम्हांला सगळेच सांगतात. काही जण मात्र मोठे होऊन कचेरीत बसतील, आणि त्यांच्यापुढे एक नकाशा आणि तांबडी पेन्सिल येईल. माझी विनंती त्यांना आहे. रंग भरण्याआधी त्या गल्लीत एकदा जाऊन या. तिथे कोणी काही सांगितले, तर हात धुणाऱ्या बाईलाही दुसऱ्यांदा विचारा, की बाई, म्हणजे काय म्हणालात? तेवढा वेळ लागू द्या.

आता दिवेलागण होते आहे. कोंबड्या एकेक करून आत येत आहेत. सुशीला शेवटची कोंबडी आत घालते, माझे दार लावते आणि बाहेरून कडी घालते. मग जाताना, पूर्वी जिथे हळद लावली होती तिथे, नाकावर एकदा हात ठेवते. रोज ठेवते. मी हलत नाही. ऊन, पाऊस, दिवस, रात्र, मी अगदी इथेच असते, तिच्या दारात.